सहा डिस्कांची खंडेनवमी

सर्व्हरचे सहाही कप्पे रिकामे होते.

मी हातातला डबा टेबलावर ठेवला, पदराने चष्मा पुसला आणि परत बघितलं. रिकामेच. आदल्या संध्याकाळी मी स्वतः खोलीला कुलूप लावलं, तेव्हा त्या कप्प्यांत सहा डिस्क नीट बसलेल्या होत्या, हिरवे दिवे लुकलुकत होते. आता नुसती भोकं.

"आगटे साहेब!" मी अशी काही ओरडले की दारातल्या वॉचमनची बिडी खाली पडली.

आगटे म्हणजे पुण्याच्या कंपनीकडून डेटाबेस सर्व्हर बसवायला आलेला इंजिनियर. तो गेस्ट हाऊसवरून दात घासायचा ब्रश तोंडात धरूनच पळत आला. कप्प्यांकडे बघून त्याने ब्रश बाहेर काढला.

"मॅडम, डिस्क कुठायत?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय!"

"चोरीबिरी न्हाय, बाई," वॉचमन बिडी शोधता शोधता म्हणाला, "धोंडीनाना घेऊन गेलं पहाटं. परातीत घालून. आज खंडेनवमी न्हाय का!"

डबा तसाच टाकून मी दाराकडे वळले.

तुम्हाला सगळं सांगायला हवं. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागात होते. विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. सहा हंगाम झाले तरी मी आपली हंगामीच. गळीत तोंडावर आलं की बोलवायचं, हंगाम संपला की घरी पाठवायचं. त्या वर्षी मात्र आमचे चेअरमन आबासाहेब स्वतः म्हणाले होते, "ताटे बाई, दसऱ्याला धाच्या ठोक्याला माझ्या हातनं नव्या मशीनमधनं पहिली तोडणी यादी निघाली, की तुम्ही कायम. शब्द माझा." दसरा उद्यावर आला होता.

तोडणी यादी म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा ते. ज्याच्या उसाची लागवड आधी, त्याची तोड आधी. चौदा हजार शेतकऱ्यांची ती नोंद जुन्या संगणकात होती. आम्ही ती एका डिस्कवर काढून घेतली आणि तिसऱ्या दिवशी जुना संगणक करकर करून जो बसला तो उठलाच नाही. कागदी अर्ज गावोगावच्या गट ऑफिसात होते, पण ते परत भरायचे म्हणजे तीन आठवडे. थोडक्यात, सहापैकी एका डिस्कवर अख्ख्या तालुक्याचा ऊस होता. बाकी पाच कोऱ्या. त्या पुसून, फॉरमॅट करून म्हणजे आखून, एकत्र बांधून त्यांचं एक मोठं कोठार करायचं, त्यावर डेटाबेस बसवायचा आणि मग सहावीवरची नोंद आत ओतायची. आगटेने सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. एक ते पाच 'रिकामी'. सहावीवर लाल शाईत 'ऊस नोंद. हात लावू नये.'

आम्ही दोघं वर्कशॉपकडे पळालो. आगटेच्या पायात गेस्ट हाऊसच्या बाथरूमच्या चपला होत्या.

वर्कशॉपात उदबत्त्यांचा धूर कोंदला होता. मधोमध पांढऱ्या चादरीवर अख्ख्या कारखान्याची हत्यारं मांडलेली. हातोडे, पाने, करवती, लॅबमधल्या काचेच्या नळ्या, टाइम ऑफिसचा टाइपरायटर. आणि सगळ्यांत पुढे, पाटावर, आमच्या सहा डिस्क. धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ. प्रत्येकीला हळदकुंकवाची बोटं, प्रत्येकीवर झेंडूचं एकेक फूल.

धोंडीनाना घंटा वाजवत होते. नाना म्हणजे वर्कशॉपचे हेड मिस्त्री. चाळीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांच्या ओळखीचा नसलेला एकही नट कारखान्यात नव्हता.

"ये गं उजे, टेक डोकं," नाना म्हणाले.

"नाना, ह्या का आणल्या तुम्ही?"

"का म्हंजे? मागल्या खंडेनवमीला तुज्याकडं हत्यार मागितलं, तर काय दिलंस तू?"

मागच्या वर्षी मी बंद पडलेला कीबोर्ड दिला होता.

"देवाला भंगार दिलंस. म्हनून यंदा मीच आलो. ह्ये पुण्याचं पाहुणं परवा खटका दाबून एकेक भाईर काढत हुतं, तवाच म्हनलं, खरं हत्यार ते ह्येच."

"आणि खोलीचं कुलूप?"

"कुलूप मीच बसवलंय की!" नानांना माझ्या प्रश्नाचाच राग आला.

आगटे पाटापाशी वाकून डिस्क निरखत होता. त्याचा आवाज चिरकला. "यांच्यावर चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या कुठायत?"

"लई घाण झाली हुती. दोन-दोन कागद एकावर. रॉकेलनं खरवडून काढली."

"कंपनीचे नंबरसुद्धा?"

"समदं. बघा की, कशी चकचकीत दिसत्यात."

"अहो, एकीवर लाल अक्षरात लिहिलं होतं, हात लावू नये!"

"न्हाय लावला हात," नाना शांतपणे म्हणाले. "फडक्यानं पुसली."

आगटे मटकन मागच्या ऐरणीवर बसला.

"ओ! उठा! पूजा झालीया तिची!" नाना खेकसले. तो बिचारा उठला आणि आता कुठे बसावं म्हणून इकडेतिकडे बघत उभाच राहिला. बसण्यासारख्या सगळ्याच वस्तूंना कुंकू लागलेलं होतं.

मी म्हटलं, "ठीक आहे. डिस्क घालून बघितल्या की कोणती कुठली ते कळेल. नाना, द्या आमच्या आम्हाला."

"उद्या."

"उद्या?"

"पूजा मांडली की दिसभर हत्यार हलवायचं न्हाय. वरीसभर राबत्यात, एक दीस सुट्टी."

"ही हत्यारं नाहीत हो, डिस्क आहेत," आगटे काकुळतीला आला.

"काम करत्यात का न्हाय?"

"करतात."

"मग त्यास्नी सुट्टी नगो?"

आगटे माझ्याकडे बघायला लागला. मी नानांच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "नाना, उद्या दहाला यादी निघाली नाही तर माझं कायम व्हायचं राहतंय. सहा वर्षं झाली. पुन्हा कोण विचारणार मला?"

नानांनी घंटा खाली ठेवली. "आसं म्हन की मग आदी," ते म्हणाले. "मगापासनं नुसतं डिस्क डिस्क करतीयास."

त्यांनी मुठीत अक्षता घेतल्या, डोळे मिटले आणि देवाशी सरळ बोलणी केली. "देवा, पोरीचं काम हाय. ह्या सा जनी लौकर उठत्यात. बाकीची समदी हाईत बसलेली, रागावू नगंस." मग अक्षता टाकून एकेक डिस्क बोटभर सरकवली. झाली उत्तरपूजा.

पण डिस्कांच्या मागच्या खाचांत हळद बसली होती. नाना म्हणाले, कॉम्प्रेसरची हवा मारतो. आगटे नको नको म्हणेपर्यंत त्यांनी नळी धरलीसुद्धा. हळदकुंकू असं उडालं, की आगटे जेजुरी करून आल्यासारखा दिसायला लागला. खाचा मात्र लख्ख झाल्या, हे कबूल केलं पाहिजे.

संगणकाच्या खोलीत आम्ही एकेक डिस्क कप्प्यात घालून बघायला लागलो. नाना आत आले नाहीत. वहाणा काढून दाराबाहेर उभे राहिले.

पहिली घातली. आगटे म्हणाला, "आखलेली, रिकामी." ठीक, आखायचं काम कालच उरकलं होतं. दुसरी, आखलेली, रिकामी. तिसरी तशीच. चौथी तशीच. पाचवी घालताना मी मनातल्या मनात आमच्या गावच्या भैरोबाला नारळ बोलले. पाचवीही तशीच.

"म्हणजे सहावीच आपली," आगटे म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. पिवळ्या तोंडावर ते हसू फार गोड दिसलं.

सहावी घातली. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. काहीतरी टाइप केलं, पुसलं, परत केलं.

"कोरी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कोरी. कंपनीतून आली तशी. हिच्यावर कुणी काहीच लिहिलेलं नाही."

दारातून नानांचा आवाज आला. "गेलं का, उजे?"

नानांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. रॉकेलचा वास अजून येत होता. "चौदा हजारांचा ऊस," ते पुटपुटले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. खांदे पार पडले होते त्यांचे. मला भरून आलं, आणि खरं सांगते, रागही आला. सहा वर्षं पाण्यात घातली म्हाताऱ्याने, असंच वाटलं.

आगटेने उठून दार लोटलं.

"मॅडम," तो एकदम हळू बोलायला लागला, "रॉकेलने डिस्क बिघडू शकते. पुसली जात नाही. आणि आखलेल्या पाच आहेत ना, त्या काल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आखायला घेतल्यात. मशीनने वेळ लिहून ठेवलीय. पाच चाळीसला मी कॅन्टीनला मिसळ खात होतो."

मी पदराने परत चष्मा पुसायला घेतला.

"मी तुम्हाला सांगून गेलो होतो, आलो की डिस्कांचे आकडे भरू, तोवर हात लावू नका. मी परत आलो तर काम चालू होतं. मला वाटलं, मीच चालू करून गेलो असेन."

"मी भरले आकडे," मी म्हटलं. "मला वाटलं, बघावं, आपल्यालाही येतं का. उद्या कायम झाल्यावर मलाच करायचं होतं सगळं."

"काय भरलंत?"

"एक ते पाच. तुम्हीच चिठ्ठ्या लावल्या होत्या, एक ते पाच रिकाम्या, सहावी नोंदीची!"

"चिठ्ठ्या तुम्हाला कळावं म्हणून लावल्या होत्या हो."

"मला तेच कळलं की!"

आगटेने कपाळावर हात मारला. हाताला हळद लागली. "मशीन शून्यापासून मोजतं, मॅडम. पहिली डिस्क म्हणजे शून्य. दुसरी म्हणजे एक. तुम्ही एक ते पाच म्हणालात, म्हणजे दुसरीपासून सहावीपर्यंत. पहिली तशीच कोरी राहिली आणि सहावी पुसली गेली." मग जरा थांबून म्हणाला, "त्याने विचारलं नाही तुम्हाला, खात्री आहे का म्हणून?"

विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं. लग्नातसुद्धा मला कुणी एकदा विचारलं नव्हतं, आणि हे मशीन तीनतीनदा विचारत होतं, म्हणून मीही मोठ्या तोऱ्यात तिन्ही वेळा 'हो' दाबलं.

म्हणजे नाना पहाटे परात घेऊन आले, तेव्हा त्या डिस्कवर ऊस नव्हताच. म्हाताऱ्याने रिकाम्या डबड्यांची पूजा केली होती.

चार वाजता आबासाहेब उद्याची तयारी बघायला आले. जीपमधून उतरतात न उतरतात तोच नाना पुढे होऊन हात जोडून उभे राहिले.

"आबासाहेब, मला घरी पाठवा. नोंद माज्या हातनं गेली. हत्यारं समजून रॉकेलनं पुसली म्या."

आबासाहेबांना सगळं समजायला पाच मिनिटं लागली. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "नाना! अहो, काय केलंत हे?"

मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. तरी पुढे झाले. "आबासाहेब, नानांचं काही नाही यात. चूक माझी आहे. काल संध्याकाळीच माझ्या हातून नोंद पुसली गेली. मशीन शून्यापासून मोजतं, मी एकापासून मोजलं."

आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"शून्यापासनं कोण मोजतं?"

"मशीन."

"ताटे बाई, मोजणं मला शिकवू नका. दोन निवडणुका मी मोजणीवर जिंकलोय."

"खरंच सांगते. आगटे साहेबांना विचारा."

"काय हो पाहुणे, बाई म्हणतायत ते खरं का?"

आगटेने एकदा माझ्याकडे बघितलं. नवख्या बाईला मशीनपुढे बसवून मिसळ खायला गेलो, हे त्याला पुण्याला कळवायचं होतं की नाही, ते त्या एका नजरेत ठरलं. त्याने शर्टावरची हळद झटकली. "मॅडमचं मन फार मोठं आहे," तो म्हणाला.

वा रे पुण्या!

"अहो, मन कसलं मोठं! मीच केलंय!" मी दुसऱ्यांदा ओरडले. आता नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "बगा आबासाहेब, माज्यापायी पोर स्वतःवर घ्याय लागलीया."

आबासाहेबांचा राग कुठल्या कुठे गेला. ते जीपला टेकले आणि आजूबाजूला जमलेल्या लोकांकडे बघत बोलायला लागले. "तीस वर्षं राजकारण केलं. आमच्यात स्वतःची चूकबी कोण अंगावर घेत न्हाय. दुसऱ्याची घेणारं माणूस आज पहिल्यांदा बघितलं. बॉयलर तीन आठवड्यांनी पेटवू, काय बिघडत न्हाय. गटागटातनं कागद मागवा, सगळी नोंद परत भरा. आणि नाना, तुम्ही घरीबिरी जायचं न्हाय. फक्त हिथनं पुढं वायरीच्या कुठल्याबी वस्तूला हात लावायचा न्हाय. कळलं?"

नानांनी मान हलवली.

मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "आणि ताटे बाई, उद्यापासनं तुम्ही कायम."

तोंड माझं तसंच उघडं राहिलं. आवाज मात्र आला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या. तीन आठवडे बोटं मोडेपर्यंत चौदा हजार नोंदी परत भरल्या, आणि भरताना दर नोंदीला स्वतःला एक शिवी घातली, म्हणजे चौदा हजार झाल्या. पण तिसऱ्यांदा काही सांगितलं नाही. कायमची ऑर्डर हातात आल्यावर तर नाहीच. अशी आहे मी.

नाना निवृत्त झाले. दर दिवाळीला मला घरी बोलवायचे, लेक म्हणून साडी द्यायचे, आल्यागेल्याला सांगायचे, "हिनं माजी नोकरी वाचवली." मी साडी घ्यायची आणि मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बाई किती साधी.

अशी त्या खंडेनवमीपासून अकरा वर्षं गेली. त्या दिवाळीला काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "आगं, ह्यांचं काय करावं? घरातलं एक बटन दाबत न्हाईत. पंखा लावायचा तर मला हाक मारत्यात. टीव्ही लागला तर बघत्यात, न्हाय तर काळ्या पडद्यापुढं बसून राहत्यात. मिक्सर, मोबाइल, कश्शाला हात न्हाय. म्हंत्यात, माज्या हातात दोष हाय, चौदा हजारांचा ऊस खाल्ला ह्या हातांनी."

माझ्या हातातली करंजी खाली पडली. ज्या माणसाने चाळीस वर्षं अख्खा कारखाना हातांवर चालवला, तो पंखा लावायला बायकोला हाक मारत होता. माझ्यामुळे. मला इतकी लाज वाटली की तिथेच रडू फुटलं.

बाहेर जाऊन नानांपुढे मी सहा वाट्या मांडल्या आणि सगळं सांगितलं. पाच चाळीस, मिसळ, तीन वेळा 'हो', सगळं.

"ही वाटी शून्य, ही एक, ही दोन," मी म्हटलं.

"थांब. पयलीला शून्य का?"

"मशीन तसंच मोजतं, नाना."

"शून्य म्हंजे कायबी न्हाय. आन वाटी तर हाय की म्होरं."

"आहे. पण तिला शून्यच म्हणतात."

"मग मशीन खुळं हाय." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे, उजे. अजून मला वाचवाय बगतीस. लई गुणाची हाईस तू."

मी कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. साडी घेतली नाही, घरी आले, न जेवता बसून राहिले.

सात वाजता फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"हॅलो. उजे?"

"कोण बोलतंय?"

"मी, धोंडीनाना. नातवाच्या मोबाइलवरनं. तू गेल्यावर भिताडाला खुंटी मारायची म्हनून फूटपट्टी घ्येतली. पयली रेघ शून्याची. चाळीस वरसं तिथनंच माप घेतोय की गं मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ह्यो फोन मीच लावलाय. माज्या बोटानं, एकेक आकडा दाबून. तुज्याकडं काय बंदबिंद पडलंय का?"

"नाही, नाना. स्वच्छ ऐकू येतंय."

पलीकडे खट्ट आवाज झाला आणि पंखा घरघरायला लागलेला मला ऐकू आला.

"म्हंजे माज्या हातात कायबी नव्हतं," नाना म्हणाले.

"नव्हतं, नाना. सगळं मीच केलं."

"आन अकरा वरसं गप बसलीस?"

"हो."

मग नानांनी मला शिव्या घालायला सुरुवात केली. वर्कशॉपातल्या, अस्सल, चाळीस वर्षं मुरलेल्या. मी फोन कानाला घट्ट धरला आणि एकही शिवी वाया जाऊ दिली नाही.